काळी पाचवी, गणपत आणि मेजर : पलटणीतली नावे आणि रिवाज

सोलापुरातल्या जुन्या वस्त्यांत लष्कर, सदर बझार आणि मोदी ही नावे एकमेकांना लागून येतात. तिन्ही नावे छावणीची आहेत. फौजेचा तळ होता ते लष्कर. छावणीच्या हद्दीतला, लष्करी अधिकाऱ्यांच्या नजरेखाली चालणारा मुख्य बाजार तो सदर बझार. आणि पलटणीचा दाणागोटा जिथे साठवला नि मोजून दिला जाई, तो मोदीखाना. पलटणी केव्हाच निघून गेल्या. त्यांचे क्रमांक आज सोलापुरात कोणाला सांगता येणार नाहीत, पण रिक्षावाल्याला ‘लष्कर’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही.

फौजेतली नावे अशीच चिवट असतात. सरकारदप्तरी पलटणीचा क्रमांक बदलतो, किताब बदलतो, तिचे मूळ रेजिमेंटच बदलते. शिपायांच्या तोंडी बसलेले नाव मात्र तसेच राहते. नमस्काराची पद्धत, कोणाला ‘साहेब’ म्हणायचे आणि कोणाला नाही, जेवायला कोण कोणाच्या पंगतीला बसणार, हेही असेच टिकते. लढायांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. शिपायाचा रोजचा दिवस ज्या नावांनी आणि रिवाजांनी बांधलेला असतो, त्यांच्याकडे मात्र इतिहासकारांनी फारसे पाहिलेले नाही.

सोलापूर जिल्ह्याची कंपनी सरकारच्या फौजेशी पहिली मोठी गाठ पडली ती १८१८ साली. २० फेब्रुवारीला अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि पेशव्यांचे इथले पायदळ व तोफखाना मोडला. त्यानंतर सोलापूर हे कंपनीचे लष्करी ठाणे झाले. निजामाचा मुलूख इथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ठाण्याला महत्त्वही होते. पुढे १८६० च्या सुमारास रेल्वे आली, पुण्याहून फौज हलवणे सोपे झाले आणि असल्या आडठाण्यांची गरज ओसरत गेली. १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ सुरू झाली. मग शहराचा दिवस बिगुलाऐवजी गिरणीच्या भोंग्यावर चालू लागला. शहरातला माणूस मागावर गेला. फौजेची वाट धरली ती पावसाची खात्री नसलेल्या गावांतल्या पोरांनी.

कंपनीच्या पलटणीत भरती होणाऱ्या मराठी माणसाला तिथली पदे परकी नव्हती. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची जी मांडणी सांगितली आहे, तीत नऊ-दहा प्याद्यांमागे एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी अशी चढण आहे. जुमलेदार आणि हजारी काळाच्या ओघात गेले. नाईक आणि हवालदार मात्र मोगलाई, मराठेशाही, कंपनी, राणीचे राज्य आणि प्रजासत्ताक अशा सगळ्या राजवटी पाहून आजही बाहीवर फीत लावून उभे आहेत. नाईकाच्या दोन फिती, हवालदाराच्या तीन. बढतीला बराकीत ‘फीत लागली’ म्हणतात आणि शिक्षा होऊन पद गेले की ‘फीत उतरली’.

कंपनीने या पदांच्या वर सुभेदार बसवला आणि त्याच्या डोक्यावर गोरा अंमलदार. सुभेदार कितीही लढाया पाहिलेला असो, काल विलायतेहून आलेला कोवळा लेफ्टनंट त्याच्या वरचा. ही रचना अन्यायाची होती, आणि तिच्यातला ताण निभावून नेण्यासाठीच पुढचे बरेचसे शिष्टाचार जन्माला आले.

आधी पलटणींच्या नावांकडे वळू. मुंबई इलाख्यातल्या पलटणींचा क्रमांक किती वेळा बदलला, याचे एकच उदाहरण पुरे आहे. १७६९ मध्ये ‘बॉम्बे सिपॉय’ची तिसरी बटालियन उभी राहिली. १८२४ च्या फेररचनेनंतर ती मुंबई देशी पायदळाची पाचवी रेजिमेंट म्हणून ओळखली जाऊ लागली. याच पाचवीने पहिल्या अफगाण युद्धात, १८४० मध्ये, बलुचिस्तानातल्या काहूनच्या किल्ल्यात महिनोन्‌महिने तग धरला आणि त्याबद्दल १८४१ मध्ये तिला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. १९०३ मध्ये लॉर्ड किचनरने साऱ्या हिंदुस्थानी फौजेला एकाच क्रमवारीत गोवले. मुंबईच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले आणि पाचवीची एकशे पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १९२२ मध्ये सहा मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही मोठी रेजिमेंट बनवली, तेव्हा हीच पलटण तिची दुसरी बटालियन ठरली. पुढे रेजिमेंटच्या नावामागचा पाचाचा आकडाही गेला. आज कागदोपत्री ती दुसरी मराठा लाइट इन्फन्ट्री आहे.

म्हणजे तिसरी, पाचवी, एकशे पाचवी आणि दुसरी असे चार क्रमांक झाले. शिपायाच्या लेखी मात्र ती ‘काली पाँचवी’, आणि मराठी तोंडी काळी पाचवी. ‘काळी’ का, तर तिच्या लाल कोटाच्या कॉलरला आणि बाह्यांच्या टोकांना लागणाऱ्या काळ्या कापडावरून, असे सांगण्याची परंपरा आहे. पाचवी का, हे वर आलेच. सरकारने या पलटणीचा स्वतःचा पाचाचा आकडा काढून घेतल्याला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. ज्यांनी तो क्रमांक खांद्यावर मिरवला त्यांची पतवंडेही आता म्हातारी झाली असतील. तरी नवा रंगरूट पलटणीत दाखल झाला की दुसऱ्या बटालियनच्या आधी त्याला काली पाँचवी हे नाव समजते.

तिची थोरली बहीण म्हणजे ऑगस्ट १७६८ मध्ये उभी राहिलेली जंगी पलटण, आजची पहिली मराठा. एकशे सतरावी पलटण पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या कामगिरीबद्दल ‘रॉयल’ झाली आणि १९२२ नंतर पाचवी बटालियन ठरली. राजाचे राज्य गेल्यावर तो किताब अधिकृतपणे उरला नाही, पण पलटणीत ‘रॉयल’ हे नाव चालूच राहिले. परक्या राजाने दिलेला किताब स्वतंत्र देशाच्या जवानाने का मिरवावा, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो. आतल्याला तो पडत नाही. त्याच्या लेखी तो राजाचा नसून कुतच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या आपल्या पूर्वजांचा असतो. कुत-अल-अमाराच्या त्या वेढ्यात एकशे तिसरी, एकशे दहावी आणि एकशे सतरावी अशा तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली आणि जे जगले वाचले ते कैदेत गेले.

पलटण दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेली तरी जुनी ओळख सुटत नाही. एकशे दहावी पुढे तिसरी मराठा झाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी याच बटालियनमधून लढताना देह ठेवला आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९५२ मध्ये ही बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उतरून पाच दिवसांनी ढाक्यात शिरलेली पलटण ती हीच. तिच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ लिहिले जाई. एकविसावी मराठा १९९६ मध्ये स्पेशल फोर्सेसकडे गेली, तेव्हा तिने स्वतःला ‘वाघनख’ म्हणवून घेतले. हे नाव दोनशे वर्षांपूर्वीच्या कोटाच्या रंगावरून आलेले नाही, ते विचारपूर्वक निवडलेले आहे. जुन्या नावांना जी सहजता आहे ती याला नाही, पण काम तेच करते.

गोऱ्यांच्या फौजेतही हाच प्रकार होता. कंपनीची मुंबईची युरोपियन पलटण पुढे आयरिश रेजिमेंटमध्ये जमा झाली तरी ‘ओल्ड टफ्स’ म्हणजे जुने टणके या नावानेच ओळखली गेली. इलाख्यांनाही टोपणनावे होती. बंगालचे साहेब नोकराला हाक मारताना ‘कोई है’ म्हणत म्हणून ते ‘कोई है’, मद्रासवाले मुलिगटानी सारावरून ‘मल’, आणि मुंबईवाले बोंबील खातात म्हणून ‘डक’, कारण इंग्रजीत बोंबिलाला ‘बॉम्बे डक’ म्हणत. सगळ्या गोऱ्या शिपायांना मिळून ‘टॉमी’ हे नाव पडले, ते लष्करी खात्याच्या छापील नमुन्यात भरलेल्या ‘टॉमस अ‍ॅट्किन्स’ या काल्पनिक नावावरून. आपल्याकडे त्याला नुसता ‘सोजीर’ म्हणत, आणि ‘गोरा सोजीर’ म्हटले की लेकुरवाळ्या बाया मुलांना घरात घेत.

मराठा शिपायाला इतरांनी दिलेले नाव ‘गणपत’. शीख पलटणीत ‘सरदार’, मद्रासींना ‘तंबी’, तसा मराठा तो गणपत. हजेरीपटावर या नावाचे दोन-चार तरी असायचेच, त्यावरून ते पडले असावे. इंग्रज अंमलदाराच्या आठवणींत हा गणपत बुटका, काटक, फार न बोलणारा, उपाशीपोटी दिवसभर चालणारा आणि घरच्या भाकरीची आठवण काढणारा असा भेटतो. या चित्रात माया आहे, तशी धन्याने इमानी गड्याकडे पाहावे तशी नजरही आहे. तरीही नाव टिकले, कारण मराठा जवानांनी ते स्वतःच उचलले. दुसऱ्याने चिडवायला ठेवलेले नाव आपण अभिमानाने घेतले की चिडवणाऱ्याचा जोर संपतो, ही युक्ती शिपायाला चांगली ठाऊक असते.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मराठा पलटणींत सगळे मराठे नव्हते. देशावरच्या मराठ्यांच्या कंपन्या, कोकणी मराठ्यांच्या कंपन्या आणि दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या अशी त्यांची घडण असे. सोलापूरकडचा शिपाई यांपैकी देशावरच्यात मोडे. देशी आणि कोकणी यांची एकमेकांना टोमणे मारण्याची हौस पलटणीत पुरेपूर भागे. भात की भाकरी, एवढ्या एका विषयावर लंगरात रोज वाद घालता येई.

एकाच आडनावाचे ढीगभर शिपाई हा फौजेतला जुनाच घोटाळा आहे. गोरखा पलटणींत अर्धी कंपनी थापा किंवा गुरुंग असते, म्हणून शिपायाच्या लष्करी क्रमांकाचे शेवटचे आकडे हेच त्याचे नाव होऊन बसते. जाधव, शिंदे, पवार आणि पाटील यांनी भरलेल्या कंपनीलाही काहीतरी तोड काढावीच लागते. आकड्याने, गावाच्या नावाने किंवा अंगच्या खोडीवरून हाक मारली जाते, आणि ती हाक पेन्शन घेईपर्यंत सुटत नाही.

शिष्टाचारातली पहिली गोष्ट सलामी. भूदलात तळहात पूर्ण उघडा, समोरच्याकडे वळलेला असतो. नौदलात तो खाली झुकलेला, तर हवाई दलात २००६ पासून तिरपा. डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर हात उचलायचा नाही, सावधान उभे राहायचे. सलामी दिली जाते ती माणसाला नव्हे, त्याच्या अधिकारपत्राला, ही गोष्ट रंगरुटाच्या डोक्यात उस्ताद पहिल्या आठवड्यातच ठोकून बसवतो. म्हणून वरिष्ठाने सलामीला उत्तर न देणे हा कनिष्ठाच्या चुकीइतकाच मोठा दोष मानतात.

दुसरी गोष्ट ‘साहेब’. कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्याला आज ‘सर’ म्हणतात. ‘साहेब’ हा मान खरा सुभेदार आणि नायब सुभेदार यांचा. वरचा कर्नलसुद्धा त्यांना ‘सुभेदार साहेब’ म्हणूनच बोलावतो, एकेरीत नाही. इंग्रजी अमदानीत हा नियम फार कसोशीने पाळला जाई. विशीतल्या गोऱ्या लेफ्टनंटाने पन्नाशीच्या सुभेदारावर हुकूम चालवायचा, पण शब्द जपून वापरायचा. त्याला जवानांची भाषा शिकवायची, रागलोभ समजावून द्यायचे आणि वेळ पडली तर अदबीने चूकही दाखवून द्यायची, हे काम सुभेदाराचे. सुभेदार-मेजर तर साऱ्या पलटणीचा कुटुंबप्रमुख. रजा, कर्ज, भाऊबंदकीचा खटला, बायकोचे आजारपण असे काहीही असो, कमांडिंग ऑफिसरपर्यंत जाण्याआधी ते त्याच्या कानावर घालावे लागे, आणि बरेचसे तिथेच मिटे. स्वातंत्र्यानंतर या ‘साहेबां’तल्या सर्वात खालच्या पदाचे ‘जमादार’ हे नाव १९६५ मध्ये बदलून ‘नायब सुभेदार’ केले गेले. बाहेरच्या जगात झाडूवाल्यांच्या मुकादमालाही जमादारच म्हणत, आणि गावी गेल्यावर ते ऐकून घ्यावे लागे.

मराठा रेजिमेंटमध्ये येणारा अधिकारी केरळचा असो वा बंगालचा, त्याला मराठी शिकावेच लागते. लाइट इन्फन्ट्रीची चाल मिनिटाला १४० पावलांची, साध्या पायदळाच्या १२० हून जलद. नव्याने आलेला अधिकारी आधी पायांनी मागे पडतो आणि मग भाषेने. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये १९२२ पासून रंगरूट घडवले जातात. तिथल्या बोलीत मराठी, हिंदी आणि मोडके इंग्रजी यांची अशी मिसळ झालेली असते की घरी रजेवर आलेल्या पोराचे बोलणे आईला नीट उमगत नाही. हजेरीला तो ‘गिनती’ म्हणतो, हत्यारांच्या खोलीला ‘कोत’, आचाऱ्याला ‘लांगरी’, कर्नलसमोर उभे केले जाण्याला ‘पेशी’ आणि घाम काढणाऱ्या शिक्षेला ‘रगडा’.

‘दरबार’ आणि ‘बडा खाना’ हे दोन रिवाज समजून घेतल्याशिवाय पलटण कळत नाही. दरबारात सारी पलटण एकत्र बसते, कमांडिंग ऑफिसर सर्वांशी बोलतो आणि कोणीही शिपाई उठून त्याला प्रश्न विचारू शकतो. शब्द राजेशाही, पण प्रत्यक्षात ती गाऱ्हाणी मांडायची जागा. अर्थात, प्रश्न विचारण्याआधी तो सुभेदार-मेजरच्या कानावर घातलेला बरा, हेही प्रत्येकाला माहीत असते. बडा खाना सणावाराला होतो. एरवी अधिकाऱ्यांची मेस, सुभेदारांची मेस आणि जवानांचे लंगर वेगवेगळे चालतात. त्या एका दिवशी कर्नलपासून नव्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या ताटात एकच जेवण असते. गणेशोत्सव आणि दसऱ्याचे शस्त्रपूजन मराठा पलटणींत थाटाने होते. रेजिमेंटचा दिवस ४ फेब्रुवारी, म्हणजे १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो दिवस. रणघोष शिवछत्रपतींच्या जयजयकाराचा. हे सगळे मराठेशाहीपासून अखंड चालत आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरे तर शिवकालीन प्रतिमांना रेजिमेंटमध्ये आजचे स्थान मिळाले ते बऱ्याच अंशी विसाव्या शतकात. आरंभीची दीडशे वर्षे या पलटणींची निष्ठा कंपनीशी आणि नंतर राणीशी होती, आणि १८१८ मध्ये मुंबईच्या पलटणी पेशव्यांविरुद्धच लढत होत्या.

शिष्टाचाराचा सर्वात कठीण प्रश्न जातीचा होता. मुंबईच्या पलटणींत आरंभापासून महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा इथे लढलेल्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्येही ते होते. गावात महाराने वरच्या जातीच्या माणसाला वाकून ‘जोहार’ घालायचा, हा रिवाज. पलटणीत मात्र सलामी फितीला. महार सुभेदार समोर आला की शिपाई कोणत्याही जातीचा असो, त्याने टाच जुळवून हात उचलायचा. जी गोष्ट गावात कल्पनेतही आली नसती ती कवायतीच्या मैदानावर रोज घडत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पेन्शनरांची वस्ती असलेल्या कॅम्प दापोलीत वाचता-लिहिता येणारी, ताठ मानेने बोलणारी महार पिढी याच फौजेमुळे तयार झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त पुढे करून सरकारने महारांची भरती बंद केली. इतर जातींचे लोक त्यांच्या हुकमाखाली राहणार नाहीत, हे एक कारण सांगितले गेले. म्हणजे जी सलामी शंभर वर्षे चालली होती तीच आता अडचण ठरली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये एकशे अकरावी महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच, १९२१ मध्ये, मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातले, अनेक जातींचे जवान आहेत. ‘जोहार’ची जागा समाजात ‘जय भीम’ने घेतली. तो घोष रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते, आणि कामठी हीसुद्धा छावणीच. ज्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी ताठ उभे राहून सलामी दिली-घेतली होती, त्यांनी वाकून करायचा नमस्कार टाकून दिला, यात नवल नाही.

सोलापूरने फौजेचे दुसरे रूप १९३० मध्ये पाहिले. मे महिन्यात गोळीबार झाला, शहर पेटले, सरकारी अंमल काही दिवस जवळजवळ नाहीसा झाला आणि १२ मेपासून लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत चालला. या दिवसांत शिष्टाचार हा शब्द उलटा झाला. डोक्यावर गांधी टोपी असणे, हातात तिरंगा धरणे हाच गुन्हा ठरू लागला. फौजेत टोपी नसेल तर सलामी नाही, इथे टोपी असेल तर शिक्षा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना याच घटनांवरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. शहरातल्या लोकांच्या मनात खाकी वर्दीविषयी जी अढी बसली, ती स्वातंत्र्यापर्यंत पुरती गेली नाही. जिल्ह्यातल्या खेड्यांतून मात्र त्याच काळात भरती चालू होती. एकाच जिल्ह्यात फौजेविषयी असे दोन भाव नांदत होते, आणि कधी कधी ते एकाच घरात असत.

दुसरे महायुद्ध संपल्यावर आणि पुढे प्रत्येक युद्धानंतर पेन्शनरांची संख्या वाढली, आणि बराकीतले शब्द गावात उतरले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ लागले, कोल्हापूर जिल्ह्यातल्या टाकळीची ‘सैनिक टाकळी’ झाली. सोलापूर जिल्ह्यात गावांची नावे अशी बदलली नाहीत, माणसांची बदलली. निवृत्त होऊन आलेला माणूस गावात ‘फौजी’ होतो, त्याचे घर ‘मिलिटरीवाल्याचे’ होते आणि त्याला स्वतःला सगळे ‘मेजर’ म्हणू लागतात. तो हवालदार म्हणून बाहेर पडला असो की नाईक म्हणून, हाक एकच. फौजेत मेजर हा कमिशन घेतलेला अधिकारी. मात्र शिपायाच्या रोजच्या बोलण्यात हवालदार मेजर आणि सुभेदार मेजर हीच माणसे जास्त येतात, आणि तिथूनच हा शब्द गावच्या पारावर पोचला असावा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, शाळेच्या झेंडावंदनाला, दोन भावांच्या बांधाच्या भांडणात मेजरला बोलावतात. झेंडावंदनाला तो जुना कोट घालून पदके लावून येतो आणि पोरांना ‘सावधान’ असे काही ओरडून सांगतो की गुरुजीही टाच जुळवतात.

लष्कराचे स्वतःचे नियम याबाबत काटेकोर आहेत. निवृत्त अधिकाऱ्याने हुद्दा नावाच्या आधी लिहायचा आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावाच्या नंतर, कारण निवृत्त होतो तो माणूस, हुद्दा नव्हे. प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी निवडक सुभेदार-मेजर व सुभेदारांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन केले जाते, आणि काही हवालदार निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदार होतात. अशा मानद कॅप्टनला गावात ‘कॅप्टन साहेब’ म्हणतात, आणि त्यात चूक काहीच नाही. हवालदाराला ‘मेजर’ म्हणणे मात्र कोणत्याही नियमात बसत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फॉर्म भरताना तो पदाच्या रकान्यात ‘हवालदार’ असेच लिहितो, आणि एसटीतून गावच्या फाट्यावर उतरला की पुन्हा मेजर होतो.